निळी गाठ

मंजुळाअक्कांचा कोणावर पटकन विश्वास बसत नसे, आणि ही गोष्ट त्यांनी कधी झाकूनही ठेवली नाही. पुरणाच्या मांड्यांचे गहू दळायला त्या स्वतः गिरणीवर जात. आधीच्या गिऱ्हाइकाची ज्वारी दगडात अडकलेली असते म्हणून पहिलं ओंजळभर पीठ गायीसाठी बाजूला काढायला लावत आणि दळण संपेपर्यंत तिथून हलत नसत. दूधवाला माप ओतताना त्यांच्या नजरेला नजर देत नसे. सून दिपमाला घरात येऊन कितीतरी वर्षं झाली, तरी पुरणातला गूळ अक्का अजून स्वतःच घालत. भडगावात लोक म्हणत, अक्काच्या हाताला चव आहे आणि जिभेला काटा.

हात मात्र खरोखर तसे होते. पुरण भरलेला मऊ गोळा त्या एका हातावरून दुसऱ्या हातावर झेलायच्या, मनगटावरून कोपरापर्यंत खेळवायच्या, आणि बघता बघता तो परातीपेक्षा मोठा होऊन दोन्ही हातांवर पदरासारखा लोंबायचा. मग चुलीवरच्या पालथ्या खापरावर तो अलगद उतरायचा. कुठे भोक नाही, कुठे जाड नाही. गिरणेच्या दोन्ही काठांच्या गावांतून लग्नाच्या मांड्यांसाठी त्यांना बोलावणं यायचं.

संशय त्यांना जन्मतः चिकटलेला नव्हता. नवरा भाईदास आजारी पडला तेव्हा सगळ्यांनी सांगितलं, कावीळ आहे, उतरेल. अक्का गावोगाव हिंडून काविळीचा पाला आणत राहिल्या, पथ्याचं शिजवत राहिल्या. तो गेल्यावर जाऊबाई बोलता बोलता बोलून गेली की आम्हाला तर दिवाळीपासूनच माहीत होतं, यकृताचा कॅन्सर होता, तुम्ही खचून जाल म्हणून कोणी बोललं नाही. दीर, डॉक्टर, शेजारचे, सगळ्यांना ठाऊक होतं. एक बायकोच तेवढी पाला वाटत बसली होती. त्या दिवसापासून कोणी गोड बोललं की अक्कांचे कान टवकारत.

संक्रांत झाल्यावर एकदा आंघोळ करताना त्यांच्या उजव्या छातीत सुपारीएवढी गाठ हाताला लागली. दुखत नव्हती. काही दिवस त्यांनी ती नुसती चाचपून पाहिली, मग दिपमालाला सांगितलं. धुळ्याला सुई घालून तपासणी झाली. रिपोर्ट आणायला मुलगा प्रेमराज एकटाच गेला. तो कापसाच्या एका जिनिंगमध्ये हिशेबनीस होता, सरळ माणूस, पण आईसमोर त्याला खोटं बोलायलाही जमत नसे आणि खरंही. दारातून तो हसतच आत आला. म्हणाला, काही नाही, साधी गाठ आहे, काढून टाकतील.

"तू हासू नको," अक्का म्हणाल्या. "तुना बाप गया तवय बी बठ्ठा असाच हासत व्हतात. माले दपाडू नको. काय शे ते सांग."

प्रेमराज खाटेवर बसला आणि त्याने सांगितलं, गाठ कॅन्सरची आहे. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी एवढंच बजावलं की इथून पुढे डॉक्टर जे काही बोलेल ते माझ्यासमोर बोलेल.

धुळ्याला महामार्गालगत नवीन झालेल्या हॉस्पिटलात ऑपरेशन करणाऱ्या बाई होत्या, डॉक्टर मयुरी नेहेते. फैजपूरकडच्या, वयाने दिपमालाएवढ्याच, मुंबईत शिकून आलेल्या. तपासून झाल्यावर त्यांनी सांगितलं की आजार लवकर हाती लागला आहे. छाती राखूनही ऑपरेशन करता येईल. अक्का म्हणाल्या, या वयात राखून काय करायचं, काढा. तो प्रश्न तिथेच मिटला. खरा प्रश्न पुढे आला, बगलेचा.

डॉक्टरांनी समजावलं. प्रत्येकाच्या बगलेत बारीक बारीक गाठी असतात, त्या रोगाच्या नसतात, शरीराच्याच असतात. छातीचा आजार पसरला तर आधी तिथे पोहोचतो. म्हणून आजवर बगल पूर्ण साफ करायची रीत होती. पण तसं केलं की पुष्कळ बायकांचा हात सुजतो, जड होतो, कायमचा. आणि तपासायला गेलं तर कितीतरी जणींच्या त्या गाठी निरोगीच निघतात, म्हणजे हात फुकट गेला. आता नवीन पद्धत आली आहे. ऑपरेशनच्या वेळी छातीत निळं औषध टोचायचं. आजार ज्या वाटेने जातो त्याच वाटेने ते बगलेत जातं आणि पहिल्या एक-दोन गाठी निळ्या होतात. तेवढ्याच काढायच्या आणि पेशंट टेबलावर असतानाच तपासायच्या. निरोगी असतील तर बाकीच्यांना हात लावायचा नाही. आजार सापडला तर बाकीच्याही काढायच्या.

"गावात शिरायचं तर आधी वेशीवरचं घर लागतं ना अक्का, तसंच," डॉक्टर म्हणाल्या.

धुळ्यात ही पद्धत नुकतीच सुरू झाली आहे, हेही त्यांनी सांगितलं. अक्कांच्या कानात दोनच गोष्टी राहिल्या: नवीन आहे, आणि कमी काढणार आहेत. कांद्याचं पोतं विकणारा वरचे चार कांदे दाखवून माल चांगला म्हणतो, तेव्हा सडका कांदा नेमका तळाशी असतो, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं.  प्रेमराज मात्र लगेच म्हणाला, नवीनच करू.

 परतीच्या बसमध्ये पारोळ्यापर्यंत त्यांच्या मनात एकच किडा वळवळत होता. डॉक्टर बोलली ते एक वेळ ठीक, तिला तिची नवीन पद्धत चालवायची असेल. पण प्रेमराजला कसली घाई होती? घरात नवी कढई घ्यायची तरी दोन बाजार फिरणारा हा मुलगा आईच्या जिवाचा सवाल एका झटक्यात कसा सोडवून मोकळा झाला?

दोन दिवसांनी अक्का दिपमालाला घेऊन चोपड्याला गेल्या. तिथे त्यांची मामेबहीण लताबाई राहायची. तिला हाच आजार झाला होता आणि तिची बगल जुन्या रीतीने पूर्ण साफ केली होती, त्याला बरीच वर्षं होऊन गेली होती. लताबाई ओट्यावर बसलेली होती. तिच्या पोलक्याची उजवी बाही वेगळी, सैल शिवलेली होती. आतला हात खांद्यापासून बोटांपर्यंत उशीसारखा भरलेला होता. उठताना तिने तो डाव्या हाताने उचलून मांडीवरून बाजूला ठेवला, जसं झोपलेलं मूल ठेवावं. काटा टोचला, मच्छर चावला, तरी तो लाल होतो आणि ताप भरतो, असं ती सांगत होती. पाणी भरणं नाही, पीठ मळणं नाही. भाकरी सून थापते.

अक्कांची नजर त्या हातावरून हलेना. दिपमालाला वाटलं, आता आईंचा नवीन पद्धतीचाच निर्णय झाला. पण लताबाई हसून म्हणाली, "हात गया. पन मी शे ना, मंजुळा."

या एका वाक्याने पारडं उलट्या बाजूला झुकलं. ही जिवंत आहे. हिचं सगळं काढलं आणि ही जिवंत आहे. अक्कांनी विचारलं, तुझ्या बगलेतल्या गाठींमध्ये काही निघालं होतं का? लताबाईला ते माहीत नव्हतं. तिला कधी कोणी सांगितलंच नव्हतं. नवऱ्याला कदाचित ठाऊक असेल, पण तो आता नव्हता.

"तुले इचारी तरी राहिनात," लताबाई म्हणाली. "माले त कोनी इचारंच नही. झोपाडं, काढं, घर धाडी दिधं."

अक्कांना यातही खोट दिसली. विचारतात तरी कशाला? डॉक्टरला खात्री असती तर तिने विचारलं असतं का? उद्या काही वाईट झालं तर 'तुम्हीच हो म्हणाला होतात' असं म्हणायला जागा ठेवतात, एवढाच अर्थ त्यांनी त्यातून काढला. चोपड्याहून निघताना बसच्या खिडकीतून केळीच्या बागा मागे जात होत्या आणि अक्का मनात घोकत होत्या: सगळंच काढून टाकू. हात गेला तर गेला.

त्याच आठवड्यात ती फोनची गोष्ट घडली. प्रेमराज अंगणात गाडी धूत होता, त्याचा फोन घरात चार्जिंगला लावलेला होता. वाजला तेव्हा अक्कांनी उचलला. पाचोऱ्याचा अभिमन आचारी बोलत होता. मोठ्या लग्नांची रसोई तो घ्यायचा आणि मांड्यांचं काम अक्कांना सांगायचा. त्याने आधी तब्येतीची चौकशी केली, आणि मग वैशाखातल्या लग्नाचं पक्कं समजू ना, असं विचारलं. प्रेमराजभाऊंनी सांगितलं आहे की नवीन पद्धतीचं ऑपरेशन आहे, हात लगेच चालायला लागतो.

अक्कांनी फोन जागेवर ठेवून दिला. आता घाईचं कारण कळलं होतं. जेवायला बसले तेव्हा त्यांनी प्रेमराजच्या ताटात भाकरी वाढली आणि अगदी हळू आवाजात विचारलं,

"तुले मना हात जोयजे का मी जोयजे?"

हात पाहिजे की आई पाहिजे, असं ती का विचारते हे प्रेमराजला आधी कळेना. मग अभिमन आचाऱ्याचं नाव निघालं आणि त्याचा घास हातातच राहिला. दिपमाला चुलीपाशी तशीच थांबली.  मग प्रेमराज तुटक तुटक बोलला. ऑपरेशनचं कळल्यानंतर लगेचच अभिमनचा फोन आला होता. आई येणार का, असं त्याने विचारलं. नाही म्हणायचं होतं. पण नाही म्हटलं की आई आता कधीच येणार नाही, असं आपणच बोलून बसू, असं वाटलं.

"नही म्हनाले तोंडच उघडनं नही, माय," तो म्हणाला. "हो म्हनी दिधं."

मग आणखी खाली मान घालून त्याने कबूल केलं की डॉक्टरांनी हाताचं सांगितलं तेव्हा बरं वाटलं होतं. आई खापरापाशी उभी दिसली, एवढंच डोळ्यांसमोर आलं. त्यापुढचं आपण काही विचारलं नाही.

अक्कांनी ते ऐकलं. खरं असेल, असंही त्यांना वाटलं, आणि अर्धंच खरं असेल, असंही वाटलं. आईच्या हातावर घराचं नाव चालतं, हे पोरगा न बोलताही जाणून होता. त्यांनी त्याला जेवून घे म्हटलं. पण झोपण्याआधी दिपमालाला सांगितलं की परवा धुळ्याला तू चल, तो नको. आणि डॉक्टरला सांगून टाकू, बठ्ठं काढा.

दिपमालाला आश्चर्य वाटलं. जिला गुळाचा खडासुद्धा टाकू देत नव्हत्या, तिला त्या मुलाला मागे ठेवून डॉक्टरकडे नेत होत्या. 

धुळ्याला डॉक्टरांसमोर बसल्यावर अक्कांनी निर्णय सांगितला आणि पदर सावरून वाट पाहत राहिल्या. आता ही बाई समजूत घालायला लागेल, गोड बोलेल, भीती दाखवेल. तसं झालं की तिच्या मनातलं कळेल, असा त्यांचा हिशेब होता. डॉक्टर म्हणाल्या, ठीक आहे, सगळ्या काढू. तीही योग्यच पद्धत आहे, मी इतकी वर्षं तेच करत आले. आणि त्या ऑपरेशनची तारीख बघायला लागल्या.

अक्कांची पंचाईत झाली. ओढणारं कोणी नसल्यावर ताणून धरायचं तरी कशाला? त्या डॉक्टरांना म्हणाल्या, मागच्या वेळी तुम्ही वेशीचं सांगितलं. पण चोर काय नेहमी वेशीतूनच येतो का? शेताच्या बांधावरूनही येतो.

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "येतो, अक्का. शंभर बायकांत पाच-सात जणींच्या बाबतीत असं होऊ शकतं. निळी गाठ निरोगी निघते आणि आजार दुसऱ्याच गाठीत असतो. ते मला त्या दिवशी कळणार नाही. म्हणून नंतर गोळ्या असतात, म्हणून पुढे सारखं तपासायला यावं लागतं. पण चुकणारच नाही, असं मी म्हणणार नाही."

आत्तापर्यंत अक्कांना या आजाराबद्दल जो भेटला त्याने काही होत नाही असंच सांगितलं होतं. प्रेमराज, त्याचे मित्र, शेजारीण, फोनवरचे नातेवाईक. ही पहिली होती जी म्हणत होती की होऊ शकतं. अक्कांनी पुढचे प्रश्न विचारले. तुम्ही स्वतः हे कितीदा केलंय? शिकताना मुंबईत पुष्कळ, इथे अजून मोजक्याच वेळा, असं उत्तर आलं. कधी फसलं का? हो, एका बाईला औषध टोचलं आणि एकही गाठ निळी झाली नाही, तिची मग पूर्ण बगल साफ केली. आणि सगळ्या काढल्या तर आजार परत येणारच नाही, याची खात्री आहे का? नाही, डॉक्टर म्हणाल्या, तीही खात्री नाही.

हे शेवटचं उत्तर अक्कांना अनपेक्षित होतं. लताबाईचा सुजलेला हात त्यांनी मनात किमतीसारखा धरला होता. एवढी किंमत दिली की जीव मिळतो. आता कळलं की तसा सौदा नाहीच. लताबाई जगली ती सगळ्या गाठी काढल्या म्हणून की मुळात त्या निरोगीच होत्या म्हणून, हे कोणालाच माहीत नव्हतं. खुद्द लताबाईलाही नाही.

शेवटी त्या म्हणाल्या, नवीनच करा. पण माझ्या दोन अटी आहेत. गाठ निळी झाली नाही, किंवा तुम्हाला जरा जरी शंका आली, तर मला उठवून विचारायचं नाही, पोराला विचारायचं नाही, सगळ्या काढून टाकायच्या. आणि दुसरं, जी गाठ काढाल ती माझ्या माणसाला दाखवायची. निळी असेल तर निळी दिसली पाहिजे.

पहिली अट डॉक्टरांनी तिथल्या तिथे मान्य केली. दुसरीला कां कूं केलं, कारण गाठ लगेच तपासणीला पाठवायची असते, वेळ घालवता येत नाही. मग म्हणाल्या, बरं, दारापाशी क्षणभर दाखवू. तुमच्या मुलाला उभं राहायला सांगा.

"पोऱ्या नको," अक्का म्हणाल्या. "ही उभी ऱ्ही." आणि त्यांनी दिपमालाकडे बोट दाखवलं.

ऑपरेशनच्या दिवशी प्रेमराज खाली चहाच्या टपरीपासून जिन्यापर्यंत येरझाऱ्या घालत होता, आणि दिपमाला वर दाराशी उभी होती.  रक्त पाहिलं की तिला घेरी यायची, आणि हे तिने सासूला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर अक्कांनी त्यातही काही कारण शोधलं असतं. दार उघडलं. नर्सने स्टीलची छोटी वाटी पुढे धरली. आत चवळीच्या दाण्याएवढ्या दोन गाठी होत्या, पिवळसर चरबीत रुतलेल्या, आणि दोन्ही शाईत बुडवल्यासारख्या निळ्या. दिपमालाने भिंतीला हात लावून त्या नीट पाहिल्या. एकीचा रंग फिका होता, तेही लक्षात ठेवलं. मग ती बाकावर बसली आणि डोकं गुडघ्यात घालून राहिली. काही वेळाने डॉक्टर स्वतः बाहेर आल्या आणि म्हणाल्या, दोन्ही निरोगी आहेत, बाकीची बगल तशीच ठेवली.

अक्का शुद्धीवर आल्या तेव्हा त्यांनी पहिल्यांदा उजव्या हाताची बोटं हलवली. मग दिपमालाला जवळ बोलावलं. दिपमालाने सांगितलं. एक गडद, एक फिकी. फिकी का, असं अक्कांनी विचारलं. मला नाही माहीत, दिपमाला म्हणाली, पण निळीच होती. ते 'मला नाही माहीत' अक्कांना बरं वाटलं असावं, कारण त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी लघवी हिरवी-निळी झाली. शेजारच्या खाटेवरची बाई ते पाहून घाबरली, पण अक्का घाबरल्या नाहीत. डॉक्टरांनी हे आधीच सांगून ठेवलं होतं, औषधाचा रंग तसाच बाहेर पडतो. त्या वेळी अक्कांचा त्यावर विश्वास बसला नव्हता. आता मात्र त्या दिपमालाला म्हणाल्या की बाई बोलली तसं झालं खरं. त्यांच्या तोंडून कोणाबद्दल याहून चांगलं काही निघाल्याचं दिपमालाला आठवत नव्हतं.

पुढचा पक्का रिपोर्टही चांगला आला. गोळ्या सुरू झाल्या. हाताचा व्यायाम म्हणून रोज भिंतीवर बोटांनी वर वर चढत जायचं असे. अक्का तो करायच्या, कण्हत करायच्या, पण चुकवायच्या नाहीत. प्रेमराजने अभिमन आचाऱ्याला स्वतः फोन करून नाही म्हणून सांगितलं. आईला ऐकू जाईल अशा बेताने ओट्यावर उभं राहून सांगितलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरात मांडे झाले नाहीत. दिपमालाने तव्यावर साध्या पुरणपोळ्या केल्या आणि पुरणात गूळही तिनेच घातला. अक्कांनी एक पोळी खाल्ली आणि गूळ कमी आहे म्हणाल्या. गूळ बरोबर होता.

श्रावणात कानबाईच्या सणाला मात्र त्या खापरापाशी उभ्या राहिल्या. पहिला मांडा हातावरच फाटला. दुसरा उतरला, पूर्वीपेक्षा लहान, पण अखंड. परगावची लग्नं त्यांनी पुढे घेतली नाहीत. शेजारणींनी विचारलं की हात बरा आहे तर का नाही, तेव्हा त्या म्हणत, आता बरा आहे, उद्याचं कोणी पाहिलंय. नव्या पद्धतीचं गावात कोणी कौतुक करायला लागलं तरी त्या मान डोलवत नसत. आपलं झालं, एवढंच त्या सांगत, सगळ्यांचं असंच होईल असं मी सांगणार नाही.

तपासणीला धुळ्याला त्या न चुकता जातात, आणि सोबत दिपमालाच असते. डॉक्टर बगल चाचपतात, दोन्ही हात मोजून बघतात, रिपोर्ट वाचतात, आणि सगळं ठीक आहे म्हणतात. बस पारोळ्याच्या पुढे आली की अक्का सुनेकडे वळतात.

"खरं बोलनी का ती?"

"बोलनी."

"तुले कसं कळनं?"

दिपमाला म्हणते, ती 'ठीक आहे' म्हणाली तेव्हा तिने तुमच्याकडे नाही, माझ्याकडे नाही, रिपोर्टकडे पाहिलं आणि मग पुन्हा एकदा पाहिलं. खोटं बोलायचं असतं तर दोनदा कशाला पाहिलं असतं? अक्का यावर विचार करतात. पटलं की नाही, ते त्या सांगत नाहीत. खिडकीची काच सरकवून त्या बाहेर बघत बसतात, आणि भडगाव येईपर्यंत पुन्हा विचारत नाहीत.